प्रकरण अकरावे : काही त्रास नाही

धाकटीने आपल्या किल्लीने दार उघडलं आणि क्षणभर तिला वाटलं, आपण चुकून शेजारच्यांच्या घरात शिरलो. फरशी लख्ख पुसलेली होती. बूट ठेवायच्या फळीवर एकच जोड होता आणि त्याला असं पॉलिश केलेलं होतं की त्यात बघून भांग पाडावा. चार वर्षांपूर्वी तिने स्वतः उभं राहून भिंतीत बसवून घेतलेला लोखंडी कठडा एका घडीच्या चादरीखाली दडला होता. पलंगावर छताच्या कडीला एक जाड दोर बांधलेला असे. तो धरून बाबा रोज सकाळी उठून बसत. तो दोरही जागेवर नव्हता. नुसती कडी उरली होती.

"आई, दोर कुठाय?"

आई ओले हात झटकत स्वयंपाकघरातून बाहेर आली. "माळ्यावर."

"आणि बाबांची शौचाची खुर्ची?"

"वरच्या शिक्षिकेकडे. तिच्या बाल्कनीत ठेवलीय, कुंड्यांच्या मागं."

"कुणी सांगितलं तुला हे सगळं करायला?"

आईने डोळ्यांनीच आतल्या खोलीकडे खूण केली. आत बाबा दाढी करत होते. दुसऱ्यांदा. पहिली पहाटेच उरकली होती, पण जबड्याखाली दोन केस राहिलेत असा त्यांना संशय होता आणि साहेब घरी यायच्या दिवशी दोन केससुद्धा ते खपवून घेणाऱ्यांतले नव्हते.

धाकटी मटकन खुर्चीत बसली. महिनाभर ती या दोघांपुढे घसा कोरडा करत होती. माजी सैनिकांच्या कल्याण कार्यालयातून एक बाई येणार, बाबांना रोजच्या जगण्यात किती मदत लागते ते डोळ्यांनी पाहणार आणि लिहून नेणार. जे आहे ते दाखवायचं, बस. पण नेमकं तेच या घराला जमण्यातलं नव्हतं, हे तिच्या आधीच लक्षात यायला हवं होतं. लहानपणी दर रविवारी सकाळी ती आणि दादा आपापल्या अंथरुणाशी नखं पुढं करून उभे राहत आणि बाबा चादरीवरून हात फिरवत सुरकुती शोधत. वरचा माणूस बघायला आला की खोट दिसता कामा नये, ही शिकवण बाबांनी फौजेतून घरी आणली होती. आणि आईने, जी एरवी त्यांचं एक वाक्य धड पुरं होऊ देत नसे, ती बिनतक्रार उचलली होती.

"अगं, हे असं चकाचक बघून ती बाई काय लिहील? की या माणसाला कसलीही मदत लागत नाही!"

"मग चांगलंच की," आई म्हणाली आणि लगेच तिने जीभ चावली.

एकतीस वर्षांपूर्वी बाबा सुरुंग काढणाऱ्या तुकडीत होते. एका ओढ्याच्या काठावर त्यांचा उजवा पाय मांडीपासून गेला आणि डाव्या हाताची दोन बोटं गेली. पेन्शन मिळाली, लोखंडी सांध्याचा पाय मिळाला, पदक मिळालं आणि विषय संपला असं सगळे धरून चालले. तो संपलेला नाही, हे धाकटीला गेल्या वर्षी कळलं. ती विमा कंपनीत दावे तपासायचं काम करत होती. त्या खुर्चीत एकोणीस वर्षं काढल्यावर माणसाने काय मागितलंय यापेक्षा काय मागायचं राहिलंय तेच आधी दिसायला लागतं. एका सुट्टीत तिने फौजेच्या नियमांचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढलं. मदतनीस ठेवण्याचा भत्ता, पायाच्या सांध्याने कपडे फाटतात त्याचा भत्ता, पाय दुरुस्तीला जाण्यायेण्याचं बसभाडं, न्हाणीघरातल्या बदलांचा खर्च. बाबांचा या सगळ्यावर पहिल्या दिवसापासून हक्क होता आणि आजवर कुणी तोंड उघडून मागितलंच नव्हतं. तिने कंबर कसली आणि अर्ज केला. तीनदा केला. तिन्ही वेळा बाबांना डॉक्टरांपुढे बोलावणं आलं आणि तिन्ही वेळा अर्ज एकाच वाक्यासह परत आला : 'अर्जदाराने काही त्रास नसल्याचे स्वतः सांगितले.'

"साहेबांनी विचारलं की तसंच सांगायचं असतं," एवढंच बाबा म्हणाले होते.

या खेपेला हसण्यावारी न्यायची सोय नव्हती. महिन्यापूर्वी बाबांना न्हाणीतून उचलताना आईच्या उजव्या खांद्यातला स्नायू फाटला. बाबांना तिने सांगितलं, आपल्या दुकानात घसरले. धाकटीकडून मात्र तिने तोंड न उघडण्याचं वचन घेतलं. आता बादलीसुद्धा उचलायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, तरी रोज ती डाव्या खांद्यावर भागवत होती. भावंडांनी आपल्या खर्चाने एक माणूस ठेवून पाहिला. बाबांनी तिसऱ्या दिवशी त्याला चहा पाजून निरोप दिला. पोरांच्या जिवावर मला कुणी उचलणार नाही, म्हणाले. शेवटी दादाने माजी सैनिकांच्या निवासात खाट पाहिली. निवास बसने चार तासांवर होता आणि तिथं बायकांना ठेवत नसत. सोमवारी होकार कळवायचा होता. म्हणजे आज ती बाई पुन्हा 'काही त्रास नाही' लिहून गेली, तर आई या घरात राहणार आणि बाबा त्या निवासात.

"तू चहाचं बघ," धाकटी उठत म्हणाली. "मी माळ्यावर चढते."

"खबरदार!"

बाबा दारात उभे होते. कडक इस्त्रीची पॅंट, पांढरा शर्ट, छातीवर पदक. एका हाताने त्यांनी दाराची चौकट घट्ट पकडली होती आणि चेहरा असा ठेवला होता की जणू चौकटच त्यांच्या आधाराने उभी आहे.

"दोर वर गेलाय. तो वरच राहील."

"बाबा, पण तो दोर दिसला तरच तिला कळेल ना की—"

"काय कळेल? की मी दोरीला लोंबकळून उठतो? एकतीस वर्षांत एका माणसाने मला लोंबकळताना पाहिलेलं नाही."

"आई पाहते की रोज," धाकटी म्हणाली. आईने चहाच्या भांड्यावर झाकण जरा जास्तच जोरात ठेवलं.

तेवढ्यात दादा आणि वहिनी आले. दादा लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत होता. त्याला प्रत्येक खोलीत शिरताना छताकडे बघायची सवय होती. आजही त्याने बघितलं आणि त्याला रिकामी कडी दिसली. वहिनी गाडी चालवायला शिकवायची. दिवसभर नवशिक्यांवर ओरडून ओरडून तिचा आवाज असा झाला होता की ती कानात कुजबुजली तरी गल्लीला ऐकू जाई.

"हे काय, घर आहे की रुग्णालयाची जाहिरात?" ती दारातूनच म्हणाली.

धाकटीने सगळा पाढा वाचला. दादाने खुर्ची ओढली. "सोड ना धाकटे. त्यांना नकोय तर नकोय. या वयात परक्या बाईपुढं पाय काढून दाखवायचा, पडलो म्हणून रडगाणं गायचं, हे बाबांना जमणार आहे का?"

"रडगाणं नाही रे, हक्क आहे तो."

"कागदावर हक्क. करायचं काय, तर हात पसरायचे. निवासात सगळं आहे. नर्स आहे, डॉक्टर आहे, कुणापुढं काही सिद्ध करायला नको."

"बरोबर बोलतोय तो," बाबा म्हणाले. बापलेकांचं एकमत होण्याचे प्रसंग या घरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाबांच्या डाव्या हाताची बोटंही त्याला पुरली असती.

"आणि आई?" धाकटीने विचारलं.

"आईला मी दर रविवारी घेऊन जाईन."

"आई, तू बोल ना काहीतरी."

आई हातातल्या फडक्याची घडी घालत होती. घातलेली घडी तिने मोडली आणि पुन्हा घातली. "त्यांना जे बरं वाटेल ते," ती म्हणाली.

तिघं एका बाजूला आणि आपण एकटी, हे धाकटीने ओळखलं. रागाने तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तेवढ्यात वहिनीने घसा खाकरला.

"मी एक सांगू? माझ्याकडे येणाऱ्यांतले निम्मे लोक परीक्षेच्या दिवशी सांगतच नाहीत की ब्रेकवर पाय नीट पोचत नाही. का, तर नापास होऊ. मग गाडी भिंतीवर जाते आणि बाजूला मी बसलेली असते." ती बाबांकडे वळली. "बाबा, तुम्हाला त्रास नसेल. असेल तर तुम्ही सोसाल, मला खात्री आहे. पण तुमच्या बाजूला आई बसलेल्या आहेत."

"तू आमच्या घरातल्या गोष्टीत—" दादाने सुरुवात केली.

"वीस वर्षं झाली लग्नाला. अजून तुमच्याच घरातल्या का?"

दादाच्या हट्टामागे काय आहे हे धाकटीला ठाऊक होतं. वहिनीनेच एकदा रडत सांगितलं होतं. गेल्या थंडीत बाबा न्हाणीत पडले तेव्हा घरात एकटा दादा होता. आत येऊ नकोस, असं बाबा आतून ओरडले आणि तो आई दुकानातून येईपर्यंत वीस मिनिटं कडीवर हात ठेवून दाराबाहेर उभा राहिला. पन्नाशीला आलेला माणूस, बापाची आज्ञा मोडून आत जायची त्याची हिंमत झाली नाही. त्या दिवसापासून त्याने निवासाचा ध्यास घेतला होता. धाकटीला त्याचा राग येई आणि कीवही येई, आणि दोन्ही एकदम आलं की ती त्याच्याशी तोडून बोले.

पुढं काही होण्याआधी दारावरची घंटा वाजली.

तपासायला आलेली बाई बुटकी होती, केस बरेच पांढरे, खांद्याला फुगलेली पिशवी. तिने आधी पाणी मागितलं, मग पुन्हा मागितलं, मग चहाही घेतला. तिने घराकडे असं निवांत बघितलं की धाकटीला एकदम हुरूप आला. घाई करणारा माणूस ठरावीक शेरा मारून मोकळा होतो. ही तशी वाटत नव्हती.

बाबा मात्र ताठ उभे राहिले होते आणि बसायला तयार नव्हते.

"बसा ना काका."

"ठीक आहे, मॅडम."

"बरं. सकाळी कसे उठता?"

"उठतो."

"कुणाची मदत?"

"नाही."

"अंघोळ?"

"स्वतः करतो."

"कधी पडलात? गेल्या वर्षभरात?"

"नाही," बाबा म्हणाले. दादाने मान खाली घातली.

"एकूण काही त्रास?"

"काही त्रास नाही, मॅडम."

बाईंचं पेन चालू लागलं. समोरच्याचा कागद उलटा वाचायची कला धाकटीला नोकरीने शिकवली होती. तेच वाक्य, शब्दाला शब्द, चौथ्यांदा कागदावर उतरत होतं. पण गप्प बसायचा तिचा पिंड नव्हता. तिने फायलीतला पुढचा कागद बाईंपुढे सरकवला.

"कपड्यांचं बघायचं राहिलंय, मॅडम."

"हां, कपड्यांचा भत्ता. पायाने फाटलेले कपडे आहेत?"

धाकटीने कपाटातून चार पॅंट्स काढून आणल्या. बाईंनी एकेक पॅंट खिडकीशी नेली, उलटी केली, सुलटी केली, गुडघ्यावर बोट फिरवलं.

"या तर धड आहेत हो. कुठंच काही नाही."

धाकटीला आपल्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. दोन गल्ल्या सोडून आईचं रफूचं दुकान होतं. सिगारेटने जळलेल्या कोटावर ती असं काम करे की न्यायला आलेल्या मालकाला भोक कुठं होतं ते आठवावं लागे. त्याच हाताने तिने एकतीस वर्षं बाबांच्या पॅंट्स सांभाळल्या होत्या. आणि एकोणीस वर्षं लोकांचे पुरावे तपासणारी तिची मुलगी फाटक्या कपड्यांचा पुरावा म्हणून नेमक्या त्याच उचलून घेऊन आली होती.

"आहे की," आई पहिल्यांदाच बोलली. "तुमच्या हातात आहे त्या एकीलाच अकरा ठिकाणी आहे."

"मला दिसत नाही, काकू. न दिसणारं मी कसं लिहू?"

आई तिच्याकडे बघत राहिली. कामाचं कौतुक म्हणून हेच वाक्य तिने आयुष्यभर ऐकलं असणार. मग तिने गळ्याशी टोचलेली सुई काढली, पॅंट घेतली आणि खिडकीपाशी बसली. गुडघ्याच्या आतल्या बाजूला तिने बोटाने चाचपून एक जागा धरली आणि सुईच्या टोकाने एक धागा उचलला.

"आई, अगं काय करतेस!" धाकटी म्हणाली. आईने स्वतःचं काम उसवलेलं तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

"त्यांना बघायचंय ना. बघू देत."

एक धागा निघाला, मग दुसरा, मग आडवे धागे एकामागून एक. गुडघ्यामागे हळूहळू भोक उघडं पडलं. चांगलं तळहाताएवढं, कडा कुरतडलेल्या, सांध्याच्या वंगणाने काळ्या पडलेल्या.

"हे सांध्याचं," आई म्हणाली. "वर मांडीशी पट्ट्याच्या बकलाचं आहे. नवी पॅंट चार महिने टिकते. आणि हे विरलेलं बघा, उजेडात धरते."

तिने कापड उजेडात धरायला हात वर केला. हात छातीपर्यंत आला आणि तिथंच थांबला. तिने डाव्या हाताने उजव्या कोपराला खालून रेटा दिला, तरी तो वर जाईना. तिच्या ओठांचा रंग गेला. पॅंट मांडीवर पडली.

"हाताला काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. घसरले मी, दुकानात."

"कधी?"

"गेल्या महिन्यात. नऊ तारखेला."

धाकटीने नखं तळहातात रुतवली. खरं काय ते तिच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण आईला दिलेलं वचन तिला मोडवेना.

"नऊ तारखेला?" बाबा म्हणाले.

आईने वर पाहिलं नाही.

"नऊ तारखेला दुकान बंद होतं. आठवडाभर रंग देत होते. तू घरीच होतीस." बाबा सावकाश बोलत होते. घाईत कुठलाही निष्कर्ष काढायचा नाही, हे त्यांच्या कामाने त्यांना शिकवलेलं होतं. "त्या दिवशी न्हाणीत माझा तोल गेला. तू मला धरलंस. कट् असा आवाज आला. मी विचारलं, कसला आवाज गं? तू म्हणालीस, बादलीचा कान निखळला."

"अहो, जाऊ द्या ना."

"बादली अजून धड आहे," बाबा म्हणाले.

ते पलंगापर्यंत गेले आणि बसले. ताठ पाठ एकदम सैल पडली. धाकटीला आपले वडील म्हातारे झालेले त्या क्षणी पहिल्यांदा दिसले.

"मॅडम, मघाशी काय लिहिलंत ते वाचा."

बाईंनी वाचलं.

"खोडा ते."

"खोडता येत नाही, काका. त्याखाली नवीन लिहिता येतं."

"मग लिहा. वरचं खोटं आहे म्हणून लिहा."

"बाबा, कशाला उगाच—" दादा पुढं आला.

"थांब जरा." बाबांनी हात वर केला. "आमच्या कामात एखादा सुरुंग राहून गेला तर माफी होती. माणूस आहे, चुकतो. एकाच गोष्टीला माफी नव्हती. न तपासलेल्या जमिनीवर 'साफ' म्हणून पांढरी पट्टी लावायची नाही. मागून येणारा त्या पट्टीवर भरवसा ठेवून पाय टाकतो." त्यांनी आईकडे पाहिलं. "मी तीन वेळा ती पट्टी लावली. आज चौथ्यांदा लावली. आणि पाय हिने टाकला."

बाबांनी आईला रडायला वेळच दिला नाही. त्यांचा हुकमी आवाज परत आला होता.

"धाकटे, दोर काढ माळ्यावरून. सूनबाई, वर जा आणि ती खुर्ची आण. कठड्यावरची चादर कुणी टाकली?"

"तुम्हीच," आई म्हणाली.

"मग काढा ती!"

घरात एकच धावपळ उडाली. धाकटी स्टुलावर चढली आणि धूळ खात दोर ओढून काढला. वहिनी जिन्यावरून खुर्ची उतरवताना अशी ओरडत होती की वरखालच्या चारही बिऱ्हाडांना बाबांच्या शौचाच्या खुर्चीची वार्ता पोचली. एरवी बाबांना ते मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. आज त्यांनी फक्त "सांभाळून, कडा लागतील" एवढं म्हटलं आणि पॅंटचा पाय वर करून पट्टा सोडायला घेतला.

पाय निघाला. मांडीचं टोक लाल झालं होतं, दोन ठिकाणी सोललेलं होतं. दादाने एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं, मग पुन्हा मान वळवून नीट पाहिलं.

"आता पलंगावरून खुर्चीत," बाबा बाईंना म्हणाले. "हे मला एकट्याला जमत नाही. उरलेला गुडघाही झिजलाय. दादा, इकडे ये."

"मी?"

"आई आज उचलणार नाही."

दादा पलंगापाशी आला. त्याच्या कपाळावर घाम होता. त्याने बाबांच्या काखेत हात घातले.

"काखेत नको धरू," आई म्हणाली. "कमरेच्या पट्ट्याला धर. तुझा गुडघा त्यांच्या गुडघ्याला लाव. ते दोर ओढतील, एक-दोन म्हणतील, तीनला तू उचलायचं. पाठीने नाही, पायांनी."

"एक, दोन," बाबा म्हणाले. तीनला दादाने जोर लावला आणि दोघंही पुन्हा पलंगावर बसले.

"अहो, दहाव्या मजल्यापर्यंत माणसं नेता की रोज!" वहिनी म्हणाली.

"त्याला मोटर असते," दादा धापा टाकत म्हणाला.

सगळे हसले, बाईसुद्धा. बाबा सगळ्यांत जास्त हसले आणि दादाच्या दंडाला धरून त्यांनी पुन्हा एक-दोन म्हटलं. या खेपेला बाबा उचलले गेले, अर्धवट वळले आणि खुर्चीत टेकले. दादा त्यांच्यापुढे वाकलेलाच राहिला. तो आईकडे बघत होता. हे ओझं आई एकटी पेलत होती, हे त्याच्या डोक्यात आता कुठं शिरत होतं.

"रोज हे कोण करतं?" बाईंनी विचारलं.

धाकटी उत्तर देणार होती. पण वहिनीने तिचा हात दाबला.

"मी करते," आई म्हणाली.

"दिवसातून किती वेळा?"

"रात्रीचंही धरू?"

"रात्रीचंही धरा."

"सहा-सात वेळा. थंडीत जास्त. मांडीत कळा यायला लागल्या की झोपत नाहीत ते, बसवून ठेवावं लागतं."

"कळा कधी येतात ते तुला कसं कळतं? मी तर आवाजसुद्धा करत नाही," बाबा म्हणाले.

"म्हणूनच कळतं," आई म्हणाली.

बाई लिहीत गेल्या. पान उलटून मागे लिहिलं. धाकटीने मान वाकडी करून वाचलं आणि तिला खोल श्वास घेता आला. प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन शब्द होते : 'प्रत्यक्ष पाहिले.' या दोन शब्दांपुढे वरच्या कार्यालयातल्या कुणाचं काही चालत नाही. दुसऱ्या बाजूच्या खुर्चीत बसून तिने स्वतः हे दोन शब्द वाचून पेन खाली ठेवलेलं होतं, आणि ते एकदा नाही, शेकडो वेळा.

"निकाल माझ्या हातात नाही," बाई पिशवी आवरत म्हणाल्या. "पण पाहिलं ते लिहिलंय. काकू, ही एक पॅंट पुरावा म्हणून मला लागेल."

"अशीच? फाटकी?"

"फाटकीच."

आईने पॅंटची नीट घडी घातली, भोक आत जाईल अशी. मग विचार बदलून भोक वर येईल अशी घातली. "मी रफू करते हे तेवढं तिथं सांगू नका," ती म्हणाली.

बाई गेल्या. वहिनीने उरलेला चहा सगळ्यांना वाटला. दादा दारात उभा राहून फोनवर बोलत होता. "हो, तीच खाट. दुसऱ्या कुणाला तरी द्या. नाही, सोमवारपर्यंत थांबायचं कारण नाही. मंजुरी अजून यायचीय, पण ती येईपर्यंत मी येणार आहे सकाळ-संध्याकाळ. उचलता येतं मला." शेवटचं वाक्य तो गरजेपेक्षा जरा मोठ्याने बोलला. बाबांनी ऐकलं, नको म्हटलं नाही, आणि धाकटीच्या मते आजच्या दिवसातली सगळ्यांत मोठी मंजुरी तीच होती.

"अगं, इकडे ये," बाबा खुर्चीतून म्हणाले.

आई जवळ गेली.

"खांदा दाखव."

"आता? या सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

तिने बाही सरकवली. खांदा सुजलेला होता आणि दुसऱ्यापेक्षा बोटभर खाली उतरला होता. बाबांनी डाव्या हाताची तीन बोटं त्यावर टेकवली आणि ती अगदी हळू पुढं नेली, पूर्वी तो हात जमिनीवरून जसा फिरत असेल तशी.

"इथं दुखतं?"

"नाही."

बोटं थोडी सरकली. "इथं?"

आईने नकाराची मान हलवायला सुरुवात केली आणि ती मध्येच थांबली. तिचे डोळे भरून आले.

"हो," ती म्हणाली. "फार दुखतं हो."